बांबूचं रान वीतभर वर

हे लिहायचं नाही असंच ठरवलं होतं. ज्याची गोष्ट आहे तो रोज समोरून जातो, हात करतो. आणि माणूस एकदा कागदावर चढला की उतरत नाही. पण त्यानंच एकदा म्हटलं, "लिही. फक्त मला चांगला करू नकोस."

तर नाही करत.

त्याला सगळे टिकाव म्हणतात. विहीर खणायची असो, घराचा पाया खणायचा असो, कुणाचं मेलेलं जनावर पुरायचं असो, हाक यालाच. बुटका, रुंद खांद्यांचा, तळहात असे की त्यावर काडेपेटीची काडी ओढावी. शेजारच्या रानाचा मालक बांबू. उंच, सडपातळ, चालताना सगळ्यांना हाका मारत चालणारा. दोघांच्या रानांमध्ये एकच बांध. दोघं एकाच बाकावर बसले, एकाच वर्षी नापास झाले. फरक एवढाच की बांबू नापास झाला तेव्हा मास्तर हसले, आणि टिकाव नापास झाला तेव्हा पाच छड्या. आता दोघं चाळिशीला आलेत, पण टिकावला त्या पाच छड्या अजून मोजून आठवतात.

नदीला तीन वर्षं पाणी नव्हतं. पात्रातून मोटारसायकली जायच्या. वरच्या अंगाला बंधारा घालून पाट काढायचा, पंपाबिंपाशिवाय, नुसत्या उतारावर पाणी जाईल तेवढ्या जमिनीला द्यायचं असं सरकारात चाललं होतं. त्याआधी नकाशा हवा. कुठल्या रानापर्यंत पाणी पोचेल, कुठल्या मातीत ते टिकेल. त्यासाठी दोघं आले आणि बंद पडलेल्या शाळेच्या खोलीत राहिले. एक मोजणीसाहेब, पन्नाशीचे, उन्हानं नाक सोललेले. दुसऱ्या मातीवाल्या बाई, ज्यांच्या नखांत कायम माती. जमीन चांगली आणि पाणी पोचणार असेल तर नकाशावर हिरवा रंग, जेमतेम असेल तर पिवळा, नाहीच तर तांबडा. वस्तीवर तीस घरं. सगळ्यांच्या तोंडी हेच तीन रंग.

साहेबांनी दोन माणसं रोजावर घेतली. बांबूला दुर्बिणीसमोर पट्टी धरायला, टिकावला मातीचे खड्डे खणायला.

"तुझं बरंय," टिकाव पहिल्याच दिवशी म्हणाला. "उभं राहायचं."

"अरे उभं राहून पाय दुखतात," बांबू म्हणाला.

टिकावच्या हातात पहार होती.

प्रत्येक रानात एक खड्डा, माणूस छातीपर्यंत उभा राहील एवढा. बाई खाली उतरायच्या, कडेची माती नखानं खरवडायच्या, ओली करून तळहातावर वळायच्या. टिकाव वर बसून घाम पुसायचा. आठव्या दिवशी खड्डा आला बांबूच्या रानात.

पहिल्या घावालाच टिकावला कळलं. कुदळ मातीत आवाज न करता जात होती. गुडघ्याएवढं झालं, कमरेएवढं झालं, दगड नाही, मुरूम नाही, सगळी काळी, गार, वासाची माती. चाळीस वर्षं या रानाच्या कडेनं तो चालला होता, पण आत किती आहे हे त्याला पहिल्यांदा हातानं कळत होतं. छातीपर्यंत गेला तरी तळ नाही. त्यानं मुद्दाम आणखी वीतभर खणलं. कुठंतरी खडक लागेल म्हणून.

"बास बास," बाई वरून म्हणाल्या. "पुरे झालं."

"बघतो म्हटलं, खाली काय आहे."

"खाली पण हेच असणार." बाई खाली उतरल्या, माती वळली. करंगळीएवढी दोरी झाली, मग तिचं कडं केलं तरी तुटली नाही. "वा. ही माती पाणी धरून ठेवणार. कुणाचं रान म्हणालात?"

"माझंच," बांबू पाण्याचा डबा घेऊन उभा होता. तो खड्ड्यात वाकून टिकावला म्हणाला, "घे, पी. माझ्याच रानात खणून दमलास."

टिकावनं पाणी घेतलं. गिळताना त्याला वाटलं, हा माणूस साधं पाणी देतो तेही आपल्याला उणं करूनच देतो. असं काही नव्हतं. पण वाटलं.

दुसऱ्या दिवशी त्याचं स्वतःचं रान. दीड वितीवर मुरूम. पहार मारली की ठिणगी उडायची आणि मनगटापासून खांद्यापर्यंत झिणझिण्या यायच्या. दुपारपर्यंत कमरेइतकं झालं. अंगठ्याच्या मुळाशी फोड येऊन फुटला. बाईंनी माती वळून बघितली तर दोरी होता होता तिचे तुकडे पडले.

"पिवळा," बाई वहीत लिहीत म्हणाल्या. मग त्याच्या तोंडाकडे बघून, "पिवळा वाईट नसतो हो. पाणी पोचलं तर दोन पिकं निघतील. थोडी माती आणून टाकावी लागेल."

"कुठनं आणू?"

बाईंनी नकळत बांधापलीकडे बघितलं. टिकावनंही बघितलं.

खरं म्हणजे दोन्ही तुकडे एकाच मालकाचे होते कधीतरी. विकायला निघाले तेव्हा टिकावच्या आजोबांना पहिली निवड मिळाली. त्यांनी रस्त्याकडचा तुकडा घेतला. गाडी दारात येते म्हणून. बांबूच्या आजोबांना उरलेला. टिकावच्या घरात आजोबांच्या हुशारीची ही गोष्ट इतक्या वेळा सांगून झाली होती की आता कुणी ती काढली की टिकाव उठून बाहेर जायचा.

घरीही सुटका नव्हती. संध्याकाळी आई ओट्यावर बसून विचारायची, "बांबूचं हिरवं झालं म्हणे?"

"झालं."

"पहिल्यापासून नशिबाचा धनी तो. जन्मला तेव्हासुद्धा त्याच्या आईला दुखलं नाही."

"आणि मी?"

"तू? तू दोन दिवस घेतलेस."

बायको आतून हसली. तिला हसू आवरत नसलं की ती भांडी आपटायची, म्हणजे हसू झाकायला. ती म्हणाली, "भाऊजी आज मला भेटले. म्हणाले, वहिनी, पाट आला की दोन्ही रानांना पाण्याची एकच बारी लावून घेऊ, रात्रीचं पाणी मी घेईन, तुम्हाला दिवसाचं."

"त्याला कोण विचारतंय?"

"चांगलंच बोलले की."

"तेच म्हणतोय."

बायकोनं आतून डोकावून त्याच्याकडे बघितलं.

खड्डे संपले तसं साहेबांनी टिकावलाही पट्टी दिली. आता दोन पट्ट्या, दोन माणसं, काम लवकर उरकायचं. महिनाअखेर नकाशा कचेरीत द्यायचा होता. काम असं असायचं. पुलाच्या खांबावर एक जुनी खूण होती, तिची उंची कागदावर ठरलेली. तिथून सुरुवात. साहेब दुर्बीण रोवायचे, पट्टीवाला पुढच्या जागी पट्टी सरळ धरायचा, साहेब आकडा वाचायचे. मग साहेब दुर्बीण उचलून पट्टीवाल्याच्या पुढं जायचे आणि मागं वळून तीच पट्टी पुन्हा वाचायचे. तोवर दुसरा पट्टीवाला पुढच्या जागी जायचा. असं पावलापावलानं सगळ्या रानांतून फिरून परत पुलाच्या खांबाशी. पट्टी ठेवायच्या दगडावर साहेब तांबडा ठिपका काढायचे.

"एकच लक्षात ठेव," साहेब टिकावला म्हणाले. "मी दुर्बीण हलवून परत वाचेपर्यंत पट्टी ठिपक्यावरनं हलली नाही पाहिजे. हा बघ, बांबू कसा उभा राहतो. ओळंब्यासारखा. याला शिकवावंच लागलं नाही."

"मला शिकवावं लागेल, साहेब," टिकाव म्हणाला.

"लागेलच," साहेब हसून म्हणाले. त्यांना वाटलं तो विनोद करतोय.

चौथ्या दिवशी ते नदीच्या पलीकडच्या अंगाला पोचले. पुढं सपाट रान, आधी बांबूचं, मग टिकावचं, मग वस्तीतल्या बाकीच्यांचं. पाटाचं पाणी इथं जेमतेम पोचणार हे साहेबांनी आधीच सांगितलं होतं. सपाट रानात वीतभर उंची म्हणजे शेदोनशे पावलं जमीन आत किंवा बाहेर.

बांबूच्या वरच्या बांधावरच्या दगडाला तांबडा ठिपका पडला आणि तिथं पट्टी धरायची पाळी टिकावची आली. बांबू पुढं निघून गेला होता, टिकावच्या रानाकडे, गाणं म्हणत. साहेब मागं साठ पावलांवर दुर्बिणीशी वाकलेले. मध्ये मक्याचे गुडघाभर खुंट. पट्टीचं खालचं टोक तिथनं कुणाला दिसणार नव्हतं.

बांधावरच एक चपटा दगड पडला होता.

तो सांगतो की त्यानं विचार केला नाही. मला तसं वाटत नाही, आणि त्यालाही वाटत नाही. त्यानं पायानं तो दगड ओढला, ठिपक्याच्या दगडावर ठेवला आणि त्यावर पट्टी उभी केली. एवढंच. पट्टी वर गेली की जमीन उंच दिसणार, बांबूच्या रानाला पाणी चढणार नाही असं दिसणार. हिरव्याचा तांबडा. छातीएवढी काळी माती तशीच कोरडी पडेल.

"सरळ धर!" साहेब ओरडले.

त्यानं सरळ धरली. ओळंब्यासारखी.

साहेबांनी आकडा लिहिला, दुर्बीण उचलली, तिवई खांद्यावर टाकली. ते चालायला लागले तसं टिकावनं पायानं चपटा दगड बांधाखाली ढकलला आणि पट्टी खऱ्या ठिपक्यावर ठेवली. साहेब पुढं जाऊन मागं वळले, परत आकडा वाचला. झालं. त्याच्या पोटात इतकं हलकं वाटलं की त्याला भूक लागली.

पुढं आपल्या रानातून जाताना त्यानं पट्टी जिवापाड सांभाळली. इंचभर हलू दिली नाही. आपलं रान नीट मोजलं गेलं पाहिजे.

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत सगळा फेरा पुरा होऊन ते पुलाच्या खांबाशी आले. साहेब शाळेच्या व्हरांड्यात टेबल ओढून बेरजा करत बसले. टिकाव आणि बांबू पायरीवर चहा पीत होते. बांबू काहीतरी नक्कल करून दाखवत होता, स्वतःच्या सासूची बहुतेक. बाई हसत होत्या.

"गप्प बसा जरा," साहेब म्हणाले. त्यांनी सगळं पुन्हा जुळवलं. मग पेन खाली ठेवलं. "सतरा सेंटिमीटर."

"काय झालं, साहेब?"

"त्याच खांबावर परत आलो तर उंची तीच यायला हवी. सतरा सेंटिमीटर जास्त येतेय. कुणीतरी पट्टी हलवली."

टिकावनं मान वर केली. "एका ठिकाणचं चुकलं तर एकाच ठिकाणचं चुकतं ना, साहेब?"

"नाही ना. तीच तर गंमत आहे. ज्या जागेवर चुकलं तिथून पुढचं सगळं तेवढंच वर चढतं. शेवटपर्यंत."

"सगळं?"

"सगळं. पुढचं प्रत्येक रान सतरा सेंटिमीटर उंच. नदीपलीकडे चुकलं असेल तर ती वस्तीच पाण्याबाहेर गेली. त्यातलं निम्मं रान पाच-सात सेंटिमीटरनंच आत होतं, उरलेलं दहा-बारानं." साहेबांनी वही त्याच्यापुढं केली. "हे तुझं. सहा सेंटिमीटरनं आत होतास, बघ. आता अकरानं बाहेर."

टिकावला आकडे दिसत होते, पण वाचता येत नव्हते.

"मग परत मोजू," बाई म्हणाल्या.

"कधी? उद्या दुपारी गाडी येतेय. अख्खा फेरा म्हणजे पाच दिवस. कुठं चुकलं ते कळलं असतं तर तेवढाच तुकडा तपासला असता." साहेबांनी टोपी काढून डोकं खाजवलं. "अलीकडं सतरानं काही बिघडत नाही, पलीकडचा भाग कोरा ठेवतो. 'पाहणी झाली नाही' असं लिहितो. तेवढंच प्रामाणिक."

"कोरा म्हणजे?" टिकाव म्हणाला.

"म्हणजे पाट आखताना तिकडं कुणी बघणार नाही. कोऱ्या जागेला कोण पाणी देतं?"

मग बांबूनं कप खाली ठेवला. "साहेब, माझ्याकडनं झालं असेल. विहिरीपाशी माझा पाय घसरला होता. पट्टी मी लगेच ठिपक्यावर ठेवली, पण नीट बसली का ते नाही सांगता येत. काल बोललो नाही, चुकलं."

"कुठली विहीर?"

"वस्तीची. आमच्या रानाच्या पुढची."

साहेबांचा चेहरा लाल झाला. ते फार बोलले. नक्कल करायला वेळ आहे, सांगायला नाही, काल बोलला असतास तर तिथल्या तिथं तपासलं असतं, आता तो ठिपकाही पाणी भरणाऱ्यांच्या पायांनी पुसला असेल, तीस घरांचं पाणी घालवलंस, असं बरंच. बांबूनं सगळं मान खाली घालून ऐकलं. उद्या येऊ नकोस म्हणाले तेव्हा "बरं" म्हणाला. जाताना पट्टी पुसून कोपऱ्यात उभी करून गेला.

आणि टिकावला काय वाटलं? लाज वाटली का? नाही, आधी तीसुद्धा नाही. त्याला परत जळजळ झाली. चूकही त्याच्या वाट्याला आली आणि तीही त्यानं अशी घेतली की बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. आपण केलेलं पापसुद्धा त्याच्या अंगावर शोभून दिसतंय.

घरी बायकोला बातमी आधीच पोचली होती. तिनं ताट वाढलं, समोर बसली.

"भाऊजींना काढलं म्हणे."

"हं."

"बरं वाटलं ना तुम्हाला?"

"काय बोलतेस?"

"आरशात बघा. गेले दोन आठवडे तोंड कडू करून फिरताय. काल जेवताना गुणगुणत होतात. आज परत कडू. काल काय केलंत?"

तो जेवला नाही. तिनंही परत विचारलं नाही, ताट मात्र त्याच्यासमोरच राहू दिलं. आई ओट्यावरून म्हणाली, "आता आपलंही गेलं का रे पाणी?" त्यावर तो म्हणाला, "हो आई. सगळ्यांचंच."

उजाडताना तो बांबूच्या बांधावर होता. चपटा दगड बांधाखाली पालथा पडला होता, दवानं ओला. त्यानं तो पोत्यात घातला. दगड जड नव्हता. पण शाळेपर्यंत जाईतो तीनदा खांदा बदलला.

साहेब दात घासत होते. टिकावनं पोतं टेबलावर रिकामं केलं.

"हा मोजा."

"काय आहे हे?"

"मोजा ना, साहेब."

साहेबांनी तोंड धुतलं, पट्टी आणली, दगडाची जाडी मोजली. पुन्हा मोजली. सतरा. बाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"बांबूच्या वरच्या बांधावर," टिकाव म्हणाला. "तुम्ही पहिला आकडा वाचला तेव्हा हा पट्टीखाली होता. दुर्बीण हलवलीत तेव्हा मी काढला. त्याचं एकट्याचंच रान वर दिसेल असं वाटलं होतं."

साहेब शिवी देतील असं वाटलं. "चार दिवसांत अर्धंच काम शिकलास," ते म्हणाले. "आणि ज्याच्याविरुद्ध केलंस त्याला काल मी तुझ्यासमोर शिव्या घातल्या. तू चहा पीत होतास."

"हो."

"जा. त्याला बोलावून आण. मला दोन पट्टीवाले लागतात. काय झालं ते तूच सांग, मी नाही सांगणार."

बांबू दारात बसून नखं काढत होता. टिकावनं उभ्याउभ्याच सांगितलं. लांबण लावली नाही, कारण दिलं नाही. बांबूची बायको आतून ऐकत होती, तिनं कडी आतून धाडकन लावली. बांबू उठला, पायात चपला घातल्या आणि पुढं चालायला लागला. रोज सगळ्यांना हाका मारणारा माणूस, त्या दिवशी अख्ख्या वाटेत एक हाक नाही.

बांधावर तेवढाच तुकडा परत मोजला. मागच्या ठिपक्यावर बांबू, बांधाच्या ठिपक्यावर टिकाव. या वेळी साहेब पट्टीपाशी आले, वाकले, खाली बोट फिरवून बघितलं आणि मग दुर्बिणीकडे गेले. टिकाव मान वर करून उभा राहिला. त्याच्या पट्टीखाली कुणी असं बोट फिरवलं नव्हतं कधी.

अर्ध्या तासात झालं. सतराचा फरक तिथंच निघाला, विहिरीपाशी काही चुकलं नव्हतं. साहेबांनी वहीत आडव्या रेघा मारून आकडे बदलले. "बांबूचं आत. तुझंही आत, सहानं. वस्तीही आत." मग वही मिटून टिकावला म्हणाले, "तुझा आजचा रोज मी लावणार नाही. आणि पुढच्या खोऱ्यात पाहणी निघेल तेव्हा खड्डे खणायला ये हवं तर. पट्टीला हात लावायचा नाही." मग बांबूकडे वळून, जरा खालच्या आवाजात, "काल मी जास्त बोललो."

"घसरलो तर मी होतोच, साहेब," बांबू म्हणाला.

साहेब तिवई घेऊन गेले. दोघंच राहिले. ऊन चढलं होतं. बांबूनं बांधावरनं एक ढेकूळ उचललं, हातात चुरलं, टाकलं.

"वीतभरच का?" तो म्हणाला. "हातभर तरी उचलायचीस. एवढं जळत होतास तर."

"एवढाच दगड होता."

बांबू हसेल असं वाटलं होतं. नाही हसला. "माझी बायको आता तुझ्या घरी यायची नाही. मी तिला सांगणारही नाही ये म्हणून."

"नको सांगूस."

"आणि मी काल माझ्या अंगावर घेतलं ना, ते चांगुलपणानं नव्हतं घेतलं. मला खरंच वाटलं माझंच चुकलं. अख्खी रात्र तीस घरं मोजत बसलो. लेका, तू मला ते मोजायला लावलंस."

फुटलेल्या फोडाची सालपटं टिकाव काढत राहिला. मग म्हणाला, "तुझ्या रानात खणताना तळच लागला नाही."

"मग मला सांगायचं तेव्हाच. खड्ड्यातनं वर बघून सांगायचं, बांबू, मला बघवत नाहीये. मी काय केलं असतं? शिवी दिली असती एक. तू एक दिली असतीस. आता पाट आला की आपल्याला एकाच बारीला उभं राहायचंय, माझं पाणी तुझ्या डोळ्यांसमोरनं जाणार. अजून जळतंय का पोटात काही?"

"जळतंय," टिकाव म्हणाला. "आत्तासुद्धा. तुझं सहज आत आलं. माझं सहा सेंटिमीटरनं."

"बघ."

"जाणार नाही ते. खोटं कशाला बोलू." टिकावनं पट्टी मिटली आणि बांबूच्या हातात दिली. "पण यापुढं होईल तेव्हा तुझ्या दारात येऊन तुलाच सांगेन. हातून काही व्हायच्या आधी. तुझ्या बायकोनं दार नाही उघडलं तर बाहेरनं ओरडून सांगेन."